आयातीलाच पेटंटचा वापर म्हणायचे का? एका वादाची पार्श्वभूमी

एखाद्या देशाने पेटंट दिले, पण ती वस्तू त्या देशात कोणी बनवतच नाही. तयार माल बाहेरून येतो आणि पेटंटच्या आधाराने एकट्यानेच विकला जातो. हे पेटंट त्या देशात ‘वापरात आहे’ असे मानायचे का? बौद्धिक संपदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार यांची धोरणे जिथे एकमेकांच्या आड येतात, तिथे हा प्रश्न हटकून निघतो. तरीही औषधांच्या किमतींवरच्या चर्चेत तो मागे पडतो, हे खटकते.

जुन्या कायद्यांना याचे उत्तर ठाऊक होते. व्हेनिसच्या 1474 च्या आणि इंग्लंडच्या 1624 च्या कायद्यांना बाहेरचे कसब आपल्या भूमीत रुजवायचे होते. परदेशातला धंदा देशात प्रथम सुरू करणाऱ्यालाही इंग्लंडमध्ये शोधकाचा मान मिळे. फ्रान्सच्या 1844 च्या कायद्यात तर पेटंटधारकाने तीच वस्तू परदेशात बनवून आणली की पेटंट जात असे. 1883 च्या पॅरिस कराराने यावर पहिला बांध घातला: केवळ आयात केली म्हणून पेटंट रद्द होणार नाही, मात्र देशात वापर करण्याचे बंधन घालायला प्रत्येक देश मोकळा. ब्रिटनने 1907 मध्ये या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला आणि मुख्यतः परदेशात उत्पादन होत असेल तर पेटंट रद्द करण्याची तरतूद केली. 1925 मध्ये हेग येथे पॅरिस करारात दुरुस्ती झाली. तेव्हापासून आधी सक्तीचा परवाना (पेटंटधारकाची संमती नसतानाही दुसऱ्याला ती वस्तू बनवू देण्याची सरकारी परवानगी) द्यायचा आणि तो अपुरा पडला तरच पेटंट रद्द करायचे, असा क्रम ठरला.

आज पेटंटचा कैवार घेणाऱ्या देशांनी स्वतःचे उद्योग उभे राहीपर्यंत हात मोकळे ठेवले होते, हे इथे नोंदवायलाच हवे. नेदरलँड्सने 1869 मध्ये पेटंट कायदाच रद्द केला आणि 1912 पर्यंत त्याशिवाय काम चालवले. जपान आणि स्वित्झर्लंड यांनी रासायनिक पदार्थांवर उत्पादन पेटंट (बनवण्याच्या पद्धतीवर नव्हे, तर पदार्थावरच हक्क) द्यायला सुरुवात केली ती 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात.

त्याच सुमारास विकसनशील देशांनी पॅरिस कराराच्या फेरदुरुस्तीची मागणी लावून धरली. देशात वापर न होणाऱ्या पेटंटवर अधिक कडक सक्तीचा परवाना देता यावा, हा त्यांचा मुख्य आग्रह होता. 1980 ते 1984 या काळात परिषदेची अनेक सत्रे झाली आणि काहीही न ठरता ती बारगळली. पुढचे बरेच काही या अपयशातून घडले, असे माझे मत आहे. औद्योगिक देशांनी हा विषय जुन्या व्यासपीठावरून उचलला आणि व्यापाराच्या टेबलावर नेला, कारण तिथे मागणीच्या मागे आयातशुल्काचा दबाव उभा करता येत होता. अमेरिकेने 1984 मध्ये आपल्या व्यापार कायद्याच्या कलम 301 मध्ये (अन्याय्य व्यापाराबद्दल इतर देशांवर कारवाई करण्याचे कलम) बौद्धिक संपदेचा स्पष्ट समावेश केला आणि 1988 मध्ये ‘स्पेशल 301’ ही, बौद्धिक संपदेचे पुरेसे रक्षण न करणाऱ्या देशांची यादी करण्याची पद्धत आणली. त्याच वर्षी औषधांच्या पेटंटवरून ब्राझीलच्या मालावर वाढीव शुल्क लागले. 1986 मध्ये पुंता देल एस्ते येथे सुरू झालेल्या उरुग्वे फेरीतल्या, म्हणजे जागतिक व्यापाराचे नियम ठरवणाऱ्या, वाटाघाटी या सावटाखाली झाल्या.

डिसेंबर 1991 च्या डंकेल मसुद्यात (या वाटाघाटींचा एकत्रित मसुदा) एक कळीचे वाक्य आले, आणि ट्रिप्स कराराच्या (व्यापाराशी निगडित बौद्धिक संपदा हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) कलम 27.1 मध्ये ते कायम राहिले. पेटंट देताना आणि त्याचे हक्क उपभोगताना तीन बाबतींत भेदभाव करायचा नाही: शोध कुठे लागला, तंत्रज्ञानाचे क्षेत्र कोणते, आणि वस्तू आयात केलेली आहे की देशात बनवलेली. गोंधळ या तिसऱ्या बाबीत आहे. कारण त्याच ट्रिप्स कराराच्या कलम 2 ने पॅरिस करारातली कलमे जशीच्या तशी आत घेतली आहेत, आणि त्यांत देशात वापर न केल्याबद्दल सक्तीचा परवाना देण्याची मुभा आहे. एकाच करारात एका ठिकाणी दार उघडे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बंद. वाटाघाटी करणाऱ्यांनी ही विसंगती मिटवली नाही. ती मिटवायला गेले असते तर बहुधा करारच झाला नसता.

निकाल लागण्याची एक संधी आली होती. ब्राझीलच्या 1996 च्या कायद्यानुसार तीन वर्षांत देशात उत्पादन झाले नाही तर सक्तीचा परवाना देता येत असे. अमेरिकेने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली आणि 2001 च्या सुरुवातीला तंटा ऐकणारे मंडळ मागितले. ब्राझीलने लगेच उलट तक्रार केली. अमेरिकी सरकारच्या पैशातून लागलेल्या शोधांचा एकाधिकार परवाना घेणाऱ्याला माल मुख्यतः अमेरिकेतच बनवावा लागतो, अशी तरतूद अमेरिकेच्याच 1980 च्या कायद्यात होती. जुलै 2001 मध्ये दोघांनी तडजोड केली. अशा तरतुदीचा वापर करण्याआधी ब्राझील अमेरिकेला कळवील, एवढेच ठरले. मूळ प्रश्नावर निवाडा झालाच नाही. याचा फायदा कोणाला झाला हे उघड आहे: कायदा संदिग्ध असला की दबाव आणू शकणाऱ्याचा अर्थ चालतो.

जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा येथील नोव्हेंबर 2001 च्या घोषणेने सक्तीचा परवाना कोणत्या कारणांवर द्यायचा ते प्रत्येक देशाने ठरवावे, असे मान्य केले, पण आयातीच्या मुद्द्याला तिने हात लावला नाही.

भारताच्या कायद्यातील कलम 83 सांगते की पेटंट केवळ आयातीची मक्तेदारी उपभोगण्यासाठी दिले जात नाही. 2012 मध्ये कर्करोगावरील एका औषधासाठी सक्तीचा परवाना दिला गेला तेव्हा पेटंट कार्यालयाने ‘वापर’ म्हणजे देशातले उत्पादन असा अर्थ लावला. 2013 च्या अपिलात तो सैल झाला: काही वेळा आयातही चालेल, प्रकरण पाहून ठरवावे. 2014 मध्ये उच्च न्यायालयाने मधला मार्ग धरला. प्रत्येक वेळी देशातच उत्पादन हवे असे नाही, पण इथे उत्पादन का शक्य नाही, हे पेटंटधारकाने पटवून द्यावे, असे ते म्हणाले. माझ्या मते, ट्रिप्सच्या दोन्ही कलमांना धरून लावलेला हा सर्वांत प्रामाणिक अर्थ आहे.

कोविडच्या काळात लशी बनवण्याची क्षमता कोणत्या देशांत आहे आणि कोणत्या देशांत नाही, हे सगळ्या जगाने पाहिले. जागतिक व्यापार संघटनेच्या जून 2022 च्या निर्णयाने पेटंट असलेल्या लशी बनवून निर्यात करण्याची वाट काहीशी सुकर झाली, पण उत्पादनाचे ज्ञान हस्तांतरित करण्याची सक्ती त्यात नव्हती.

आता हा वाद मुक्त व्यापार करारांकडे सरकला आहे. मार्च 2024 मध्ये भारताने युरोपातील चार देशांशी व्यापार करार केला. त्याच महिन्यात पेटंटच्या वापराचे विवरण, म्हणजे फॉर्म 27, दरवर्षी देण्याऐवजी तीन आर्थिक वर्षांतून एकदा देण्याचा नियम लागू झाला. कोणते पेटंट देशात वापरले जाते आणि कोणते नुसते आयातीवर चालते, हे कळण्याचा सार्वजनिक मार्ग मुख्यतः याच विवरणातून जातो.