द्रायु, तरल की फ्लुइड? कण-प्रवाह संशोधनाची पार्श्वभूमी

वावडीवर उभं राहून ज्वारी उपणणाऱ्याला कण आणि प्रवाहाचं नातं शिकवावं लागत नाही. वारा पडला की तो हातातली पाटी खाली ठेवतो. दाणा पायाशी पडतो, भुसा पलीकडे. मराठवाड्यातून केमिकल इंजिनिअरिंगच्या संशोधनात शिरलेल्यांपुढचा प्रश्नही याच जातीचा आहे. फरक एवढाच, की इथे लाखो दाणे एकमेकांवर आपटत असतात.

एकट्या कणाचं गणित १८५१ मध्येच सुटलं. संथ द्रवात बारीक गोल कण किती वेगाने खाली बसेल, हे स्टोक्सचा नियम सांगतो: व्यास निम्मा झाला, तर वेग एक चतुर्थांश. गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात ती कण एकमेकांना चिकटून मोठे व्हावेत म्हणून. गर्दीचं गणित मात्र कारखान्यांनी पुढे रेटलं. १९२० च्या दशकात जर्मनीत कोळशापासून वायू बनवताना आणि १९४२ मध्ये अमेरिकेत पेट्रोल बनवताना, बारीक कणांच्या थराखालून वायू सोडला गेला. जोर पुरेसा झाला की थराचं वजन वायू पेलतो आणि कोरडी भुकटी उकळत्या पाण्यासारखी खदखदू लागते.

या खदखदीला (इंग्रजीत फ्लुइडायझेशन) मराठीत म्हणायचं काय, इथे खरी गाठ बसते. ‘द्रवीकरण’ म्हणावं तर वायूचा द्रव करण्याला तो शब्द आधीच दिलेला, आणि इथे वितळत तर काहीच नाही. हिंदीवाले फ्लुइडला, म्हणजे द्रव असो वा वायू, वाहणाऱ्या पदार्थाला ‘तरल’ म्हणतात. आपल्याकडे तरल असते ती कविता. द्रव आणि वायू जोडून परिभाषाकारांनी ‘द्रायु’ घडवला. त्याची थट्टा पुष्कळ झाली. बारावीनंतर विज्ञान बहुतेक इंग्रजीतच शिकायचं, तर हा शब्द वापरणार कोण, हा आक्षेपही खरा. तरी आमच्या मते, द्रव की वायू असा निवाडा न मागणारा हा एकच शब्द इथे चपखल बसतो.

१९७३ मध्ये एका ब्रिटिश संशोधकाने भुकट्यांचे आकारमान आणि घनतेवरून चार गट पाडले. ते आजही वापरात आहेत. पिठासारख्या चिकट भुकटीचा स्वतंत्र गट आहे. तिच्यात हवा भोकं पाडून निघून जाते, थर जागचा हलत नाही. नदीची वाळू दुसऱ्या गटात, ज्वारीचे टपोरे दाणे चौथ्यात.

१९९० च्या दशकापासून संगणकावर प्रवाहातल्या प्रत्येक कणाची धडक वेगळी मोजता येऊ लागली. पण हिशेबातला कण बहुधा गोटीसारखा गोल. तुरीची डाळ एका बाजूने सपाट, बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) तुकडा लांबट. मग अनेक छोट्या गोट्या चिकटवून डाळ रचायची. आणि गोट्या वाढल्या, की संगणक दिवसेंदिवस चालू ठेवावा लागतो.