मुंबईत रिमोटचं विमान उडवायचंय? नंबर, नकाशा आणि पोलिसांचं पत्र

दिवाळीत घरात रिमोटचं विमान येतं आणि पुढच्या रविवारी बाप-लेक ते घेऊन मैदानावर जातात. फोमचं, सव्वा मीटर पंखांचं, किलोभर वजनाचं. खोक्यावर वयोगट असतो, बॅटरी किती वेळ चार्ज करायची तेही असतं. पण कायद्याच्या दृष्टीनं हे विमान ड्रोनच्याच कुटुंबातलं आहे, हे तिथे छापलेलं नसतं. त्यामुळे मैदानावर कुणी विचारलं की घरच्यांची धांदल उडते. ती वेळ येऊ नये म्हणून हा खटाटोप.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियम, २०२१ मध्ये आपल्या छंदासाठी वेगळा वर्ग आहे: मॉडेल. एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर फक्त शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा मनोरंजनासाठी, आणि विमान कायम डोळ्यांना दिसेल इतक्या अंतरात. या वर्गात बसलात की टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाच्या त्या मॉडेलला मिळवायचं सरकारी मान्यतापत्र, हे सगळ्यात खर्चिक प्रकरण टळतं. पण त्या विमानानं कुणाच्या लग्नाचं पैसे घेऊन चित्रीकरण केलंत, तर ही सवलत गेली.

मग वजन. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. वजन बॅटरीसकट धरायचं. आमचं एक ट्रेनर, म्हणजे शिकण्यासाठीचं, विमान रिकामं १.७ किलो भरायचं. मोठी बॅटरी आणि छोटा कॅमेरा चढवला आणि काटा दोनच्या पुढे गेला. हा फरक मोठा आहे. नॅनो असेल, किंवा मायक्रो असून पैसे कमावण्यासाठी नसेल, तर उडवणाऱ्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोच्या वर गेलात की लागतं. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण, एवढं हवं. प्रमाणपत्र १० वर्षं चालतं. पूर्वी त्यासाठी पासपोर्ट लागायचा आणि अनेक मुलं तिथेच अडायची. २७ सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा वाहन परवानाही चालतो. फार चांगला बदल झाला हा.

नंबर

विमानाच्या नोंदणी क्रमांकाला यूआयएन म्हणतात. अर्ज डी-२ नमुन्यात, शुल्क १०० रुपये, सगळं ऑनलाइन. हे काम आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवर व्हायचं, आता डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर होतं. मोबाइल आणि ईमेल देऊन खातं उघडा, ओळख आणि पत्त्याचा पुरावा जोडा, मग विमानाची माहिती भरा. मुलगा अठराच्या आतला असेल तर नोंदणी आई किंवा वडिलांच्या नावानं करून घ्या, म्हणजे विम्यालाही अडचण येत नाही.

लोक अडतात ते अनुक्रमांकापाशी. विमानाचा, आतल्या फ्लाइट कंट्रोलरचा (विमान सांभाळणाऱ्या सर्किटचा) आणि हातातल्या ट्रान्समीटरचा, म्हणजे रिमोटचा, क्रमांक नोंदणीशी जोडला जातो. कंट्रोलरचं स्टिकर नखाएवढं असतं आणि पोटात उलटं चिकटवलेलं असतं. विमान जोडायच्या आधीच त्याचा फोटो काढून ठेवा. नंतर गोंद सोडवत बसणं नको. यातला कंट्रोलर किंवा ट्रान्समीटर बदललात, तर नोंदीतही नवा क्रमांक भरावा लागतो. खरेदीचं बिल जपा. बाल्सा (हलकं लाकूड) आणून घरी बांधलं असेल तर सुट्या भागांची बिलं आणि बांधणीचे फोटो एका वहीत लावा.

यूआयएन आला की तो विमानाच्या अंगावर ठळक लिहा आणि बॅटरीच्या झाकणाआत आपला फोन नंबर लिहा. झाडीत पडलेलं विमान अशानंच परत येतं.

नॅनो सोडून सगळ्यांना तृतीय पक्ष विमा लागतो. गाडीची किंवा घराची पॉलिसी इथे चालेल असं गृहीत धरू नका.

नकाशा

डिजिटल स्कायवर देशाचा नकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत आहे. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही मर्यादा २०० फूट. ८ किलोमीटरच्या आत, म्हणजे पिवळ्या भागात, जमिनीपासूनच हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, आणि लाल भागात केंद्र सरकारची.

आता मुंबईवर ही वर्तुळं काढून पाहा. सांताक्रूझ-अंधेरीत मोठा विमानतळ, त्याला लागून जुहूचा छोटा. कुलाब्याला नौदलाचं हेलिकॉप्टर तळ, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र. पार्ल्याचं मैदान, जुहूची चौपाटी, पवईचा तलाव सगळं मोठ्या विमानतळाच्या वर्तुळात येतं. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, तेव्हा पनवेल-उलव्याकडे वर्षानुवर्षं उडवणाऱ्यांनीही नकाशा नव्यानं उघडायला हवा. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो, म्हणून आदल्या रात्री पाहिलेलं असलं तरी निघताना परत पाहा.

पोलिसांचं पत्र

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बृहन्मुंबई पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात. पूर्वी कलम १४४ खाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली. त्यात ड्रोन, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून यांच्यासोबत रिमोटवर चालणाऱ्या मायक्रोलाइट विमानांचाही उल्लेख असतो. आदेशाची मुदत साधारण महिनाभराची असते आणि ती संपताना बहुतेक वेळा नवा आदेश निघतो. तो मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

गोराईचं उदाहरण घ्या. दोन्ही जुन्या विमानतळांपासून ते १२ किलोमीटरपेक्षा लांब. समोर समुद्र, मागे मोकळी जागा, उडवायला सुरेख. तिथे आमच्या ओळखीचा एक मुलगा यूआयएनची प्रिंट खिशात घेऊन उभा होता. गस्तीवरच्या हवालदारांनी ती नीट वाचली आणि विचारलं, "बाळा, विमान तुझं आहे हे कळलं. इथे उडवायचं पत्र कुठाय?" गोराई बृहन्मुंबईच्या हद्दीत येतं, त्यामुळे मनाई आदेश तिथेही लागू. त्या दिवशी विमान न उडता पिशवीत परत गेलं.

आदेशात लेखी परवानगीची वाट ठेवलेली असते आणि ती देतात पोलीस उपायुक्त (अभियान). साध्या मराठीत एक पानाचा अर्ज करा: कोण, कोणतं विमान, वजन किती, कुठे, कोणत्या तारखेला, किती ते किती वाजता, जास्तीत जास्त किती उंचीवर. सोबत यूआयएन, विमा, ओळखपत्र, नकाशावर खूण केलेली जागा आणि जागामालकाचं ना हरकत पत्र जोडा. मैदान पालिकेचं असेल तर ते पत्र वॉर्ड ऑफिसातून घ्या. तारखेच्या बरंच आधी द्या आणि पोच घ्या. कॉलेजचं प्रात्यक्षिक असेल तर अर्ज प्राचार्यांच्या सहीनं जाऊ द्या. ठाणे आणि नवी मुंबईची आयुक्तालयं वेगळी, त्यांचे आदेशही वेगळे. आम्ही बहुतेक वेळा कर्जत-मुरबाडकडे ओळखीच्या शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या शेतात जातो. तिथेही नकाशा पाहतो, आणि शेतकऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय बांध ओलांडत नाही.

मैदानावर

कागद पुरे झाले तरी विमान धड असावं लागतं. मुंबईच्या दमट, खारट हवेत बिजागरीची टेप सुटते आणि कनेक्टरवर हिरवट थर चढतो. गेल्या पावसाळ्यानंतर मी उजव्या पंखाचा आयलेरॉन (मागच्या कडेची हलती पट्टी) दोन बोटांत धरून सहज हलवला, तर टेप अर्धी सुटून आली. हवेत असतं तर पंखच फडफडून गेला असता. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी सगळ्या बिजागऱ्या ओढून बघतो, सर्व्होच्या (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) काड्या तपासतो आणि पंखाखाली दोन बोटं धरून तोल बघतो. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण २५ ते ३३ टक्क्यांवर यायला हवा. मग मोटरचा पंखा (प्रॉपेलर) काढून, मोटर चालू ठेवून ट्रान्समीटर बंद करायचा: मोटर तिथल्या तिथे थांबली पाहिजे. लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नका, ठेवताना ३.८ वर ठेवा, आणि फुगलेली असेल तर पुन्हा लावू नका. चार्जिंग लागलेलं असताना झोपूही नका. माणसं, रस्ता आणि विजेच्या तारा यांच्यावरून विमान न्यायचं नाही. हेलिकॉप्टरचा आवाज आला की लगेच खाली उतरवायचं.

अपघात झाला तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला ऑनलाइन कळवावं लागतं. नियमभंगाचा दंड १ लाख रुपयांपर्यंत आहे. विमान विकलंत तर नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करून द्या, आणि पार मोडलं असेल तर ती रद्द करून घ्या. तोवर तो नंबर तुमच्याच नावावर राहतो.