दोन घासांतच पोट का दुखतं?

"आई, पोट दुखायलंय." ताटात ज्वारीची भाकरी, वरण, शेंगदाण्याची चटणी, पोटात गेलेत जेमतेम दोन घास. परभणीकडच्या आमच्या घरांत याचं निदान ताटावरच होतं. आई म्हणते, नाटकं. आजी म्हणते, बेंबी सरकली नाहीतर नजर लागली. काका म्हणतात, गोड खातंय, जंत झाले.

मी लेकराच्या बाजूने आहे. दोन घासांत खरंच दुखू शकतं, फक्त दुखणं त्या घासांचं नसतं. आत्ताचा घास मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात. दुखतं ते कालचं, परवाचं.

जठराची भिंत जरा ताणली की खाली निरोप जातो: वरून माल येतोय, जागा करा. तान्हं बाळ दूध पिता पिता लंगोट भरतं ते यामुळेच. लंडनच्या हर्ट्झ आणि न्यूटन या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या हालचाली एक्स-रेवर पाहून 1913 मध्ये ही जठर-आतड्याची प्रतिक्षिप्त क्रिया मांडली. निरोप काही नसांमधून जातो, काही गॅस्ट्रिन आणि कोलेसिस्टोकायनिन या संप्रेरकांमधून. आतड्याच्या भिंतीत स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे, मेंदूला न विचारता चालणारं. तिथल्या पेशी सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन सोडतात (शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन पोटातच असतं), मग मागचा स्नायू आवळतो, पुढचा सैल पडतो आणि एक जोरकस लाट सगळं खाली ढकलते. दिवसातून मोजक्याच वेळा. सकाळी आणि जेवणानंतर जास्त.

आता पाटाला पाणी सोडलंय आणि पुढे दारं बंद, असं समजा. तीन दिवसांची वाळून खडा झालेली शी वाटेत बसलीय. लाट तिच्यावर आदळते, भिंत ताणते, लेकरू कळवळतं. लहान आतड्याच्या आणि मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या नसा मज्जारज्जूत जिथे शिरतात तिथेच बेंबीभोवतीच्या कातडीच्याही शिरतात, म्हणून मेंदूची गफलत होते आणि बोट बेंबीवर जातं. बेंबी कुठेही सरकलेली नसते.

शी का अडते? सकाळी चहा-बिस्कीट खाऊन पळापळ, शाळेच्या संडासात पाणी नाही, म्हणून दिवसभर दाबून धरायची. 2016 मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा शाळेच्या संडासातल्या बादलीचा नंबर कितवा असेल?

जंतांचं म्हणाल तर ते गुळा-साखरेतून होत नाहीत. त्यांची अंडी मातीतून, न धुतलेल्या हातांतून येतात. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी जरूर द्या, पण दर पोटदुखीवर तीच नको. बिब्ब्याच्या चटक्याने मात्र कातडी भाजण्यापलीकडे काही होत नाही.

जॉन अ‍ॅप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी ब्रिस्टलच्या 1000 शाळकरी मुलांची पाहणी 1958 मध्ये छापली. साधारण दहात एकाचं पोट वारंवार दुखत होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत आजार सापडला नाही. दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितका आजाराचा संशय जास्त, हा त्यांचाच आडाखा. झोपेतून उठवणारी कळ, हिरवी उलटी, शीतून रक्त, घटतं वजन, उजवीकडे खाली दुखणं: यात थांबू नये, डॉक्टर गाठावा.

बाकी लेकरांना जेवणानंतर पाच-दहा मिनिटं निवांत संडासला बसवावं. लाट तेव्हाच जास्त येते. शी मऊ करणारं औषध डॉक्टर देतात, ते आठवड्यात बंद करू नये. ताणून सैल पडलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात.