गावाच्या नावाखालचे दोन आकडे

वंशावळीच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलेली जेडकॉम फाइल, म्हणजे वंशावळ एका प्रोग्रामातून दुसऱ्यात नेण्याची फाइल, साध्या नोटपॅडमध्ये उघडली, की एखाद्या माणसाच्या जन्मतारखेजवळ चार छोट्या ओळी सापडतात. 'प्लॅक' या टॅगपुढे, म्हणजे ओळीत काय आहे हे सांगणाऱ्या खुणेपुढे, ठिकाणाचे नाव असते. त्याच्या एक पायरी खाली नुसताच 'मॅप' आणि त्याच्याही खाली 'लॅटि' व 'लाँग', म्हणजे अक्षांश आणि रेखांश. नाव, तारीख, आईवडील हे सगळे पूर्वी कुणीतरी कागदावर लिहून ठेवलेले असते. हे दोन आकडे मात्र त्या कागदावर जवळपास कधीच नसतात. ते आपण घातलेले असतात, नाहीतर आपल्या वतीने सॉफ्टवेअरने. ते तिथे कसे आले हे समजून घेणे मला महत्त्वाचे वाटते, कारण पूर्वजांच्या टाचण्या नकाशावर भलतीकडे टोचलेल्या दिसतात, त्यामागची बरीचशी कारणे या इतिहासातच आहेत.

ठिकाणांच्या यादीपुढे आकडे लिहिण्याची कल्पना फार जुनी. इ. स. १५०च्या सुमारास अलेक्झांड्रियात टॉलेमीने आपल्या भूगोलाच्या ग्रंथात सुमारे ८,००० ठिकाणे नोंदवली आणि त्यांचे अक्षांश-रेखांश अंश व अंशाचे अपूर्णांक अशा रूपात दिले. नकाशा हाताने नकलताना दर वेळी थोडा बिघडतो. आकडे जपले तर तो पुन्हा नव्याने काढता येतो, हा त्यामागचा विचार. आज आपण वंशावळीची फाइल पुढच्या पिढीकडे देताना हाच विचार करतो.

अडचण होती ती शून्याची. अक्षांशाला विषुववृत्त आयते मिळते, रेखांशाला तसे काही नाही. टॉलेमीने मोजणी सुरू केली पश्चिमेकडच्या 'सुखी बेटां'पासून, म्हणजे आजच्या कॅनरी बेटांकडून. भारतीय ज्योतिर्गणिताने उज्जैनवरून जाणारी रेषा धरली, फ्रेंचांनी पॅरिस, इंग्रजांनी ग्रिनिच. ऑक्टोबर १८८४मध्ये वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ग्रिनिचची निवड झाली. फ्रान्स मतदानात तटस्थ राहिला आणि १९११पर्यंत पॅरिसची रेषा सोडली नाही. ही रेषा ग्रिनिचच्या सुमारे २ अंश २० मिनिटे पूर्वेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच नकाशावरून एखाद्या खेड्याचा रेखांश जसाच्या तसा उतरवून घेतला, तर उत्तर फ्रान्समधले ते खेडे सुमारे १७० किलोमीटर पश्चिमेला सरकते. जुन्या नकाशाच्या कडेला शून्य कुठले धरले आहे, हे आधी शोधावे लागते ते यासाठी.

आणि ग्रिनिच तरी एकच आहे का? तिथल्या वेधशाळेत जमिनीवर आखलेल्या रेषेवर उभे राहून फोन पाहिला, तर त्यावर शून्य येत नाही. उपग्रहांच्या मोजणीतली शून्य रेषा तिथून १०२ मीटर पूर्वेला जाते. पृथ्वीचा आकार आणि तिचा मध्य कसा मानला यावर अक्षांश-रेखांश ठरतात. या मानण्याला डेटम म्हणतात. आजच्या जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस ८४. जुन्या सर्वेक्षणांचे डेटम देशागणिक वेगळे होते आणि त्यांच्यातला फरक काही ठिकाणी शंभर मीटरांहूनही जास्त भरतो. गाव दाखवायचे असेल तर शंभर मीटरांनी काही बिघडत नाही. थडगे दाखवायचे असेल तर तेवढ्याने दफनभूमीच चुकते.

वंशावळ जमवणाऱ्यांना मात्र बराच काळ या आकड्यांची गरजच पडली नाही. त्यांच्यासाठी ठिकाण म्हणजे उतरंड: गाव, परगणा, जिल्हा, देश. त्याला कारणही सबळ होते. कागद ज्या कचेरीत किंवा चर्चमध्ये ठेवलेला, तिथवर ही उतरंड पोचवायची. अमुक गाव कोणत्या पॅरिशमध्ये, म्हणजे कोणत्या चर्चच्या हद्दीत, येते हे कळले की बाप्तिस्म्याची वही सापडणार. ते गाव किती अंशांवर आहे हे कळून वही सापडत नव्हती.

ही उतरंड कोसळली ती पूर्व युरोपात. आजचे ल्विव घ्या. १९१८पर्यंत ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातले लेम्बर्ग होते, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडमधले ल्वुव, मग सोव्हिएत राजवटीतले ल्वोव, आणि १९९१पासून स्वतंत्र युक्रेनमधले ल्विव. चार भावंडांच्या कागदांवर चार नावे आणि चार देश असू शकतात, आणि त्यांतले एकही भावंड घर सोडून कुठे गेलेले नसते. अशा वेळी ४९.८४ उत्तर, २४.०३ पूर्व हे आकडे चारही नोंदी एका जागी बांधतात. १८९०मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेच्या भौगोलिक नावांच्या मंडळाने पुढे परदेशांतल्या गावांच्या याद्या अक्षांश-रेखांशांसह केल्या आणि त्यांचा वारसा पुढे सरकारी डेटाबेसात गेला. ज्यूइशजेन या संस्थेने ज्यू कुटुंबांसाठी जी गावशोधाची सोय केली, ती याच माहितीवर उभी आहे. आजीच्या तोंडून ऐकलेल्या नावाशी उच्चार जुळणारी सगळी गावे काढायची आणि ती ओळखीच्या शहरापासून किती अंतरावर आहेत ते बघायचे. अक्षांश-रेखांशाचा वंशावळीच्या कामात इतका नेमका उपयोग मला दुसरा दिसत नाही. इथे तो आकडा शोभेसाठी नाही, दोन उमेदवार गावांमधून एक निवडण्यासाठी आहे.

आता जेडकॉमकडे. एका प्रोग्रामातली वंशावळ दुसऱ्यात नेता यावी म्हणून लॅटर डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या कुटुंबइतिहास विभागाने १९८०च्या दशकाच्या मध्यात ही फाइलपद्धत तयार केली. सुरुवातीला ठिकाण म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेली एक ओळ, लहान घटकाकडून मोठ्याकडे जाणारी. ज्यांना अक्षांश-रेखांश हवे होते ते टिपेत लिहीत, नाहीतर त्यांचा प्रोग्राम अधोरेषेने सुरू होणारा स्वतःचा टॅग वापरी, जो दुसऱ्या प्रोग्रामला वाचता येईलच असे नव्हते. ऑक्टोबर १९९९मध्ये ५.५.१ या आवृत्तीचा मसुदा आला आणि त्यात मॅप, लॅटि, लाँग हे तीन टॅग आले.

माझ्या मते या गोष्टीचे वळण इथे आहे. आकडे आले, पण ते लटकले घटनेखालच्या नावाला. जेडकॉममध्ये माणसाची स्वतंत्र नोंद असते, कुटुंबाची असते, संदर्भसाधनाची असते, ठिकाणाची नसते. एका गावात चाळीस जन्म झाले तर ते गाव फाइलमध्ये चाळीसदा लिहिले जाते आणि त्याचे अक्षांश-रेखांशही चाळीसदा. एका जागी दुरुस्ती केली तरी उरलेल्या एकोणचाळीस तशाच. शिवाय तपशिलात डेटमचा उल्लेख नाही. आणि ५.५ या आधीच्या आवृत्तीत ठिकाणाच्या ओळीखाली थेट संदर्भ जोडायची जी सोय होती, ती ५.५.१च्या रचनेत उरली नाही. म्हणजे आकडा नोंदवायला जागा मिळाली त्याच आवृत्तीत, तो कशावरून ठरवला हे सांगायला फक्त टीप तेवढी शिल्लक राहिली. त्यातून हा मसुदा अधिकृतपणे अंतिम ठरला तो थेट नोव्हेंबर २०१९मध्ये. मधली वीस वर्षे प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी तो मसुदा म्हणूनच वापरला, कुणी पूर्ण, कुणी आपल्या सोयीपुरता.

लिहिण्याची रीत तरी त्या मसुद्याने नेमकी सांगितली. तिथले उदाहरण असे: १८ अंश ९ मिनिटे ३.४ सेकंद उत्तर. मिनिटांना ६०ने भागायचे, सेकंदांना ३,६००ने, आणि दोन्ही भागाकार अंशांत मिळवायचे, उत्तर १८.१५०९४४, आणि त्याच्या आधी उत्तरेचे अक्षर 'एन'. गणित सोपे आहे, तरी चूक इथेच होते. घाईत १८ अंश ९ मिनिटांचे कुणी १८.०९ लिहिले, तर गाव साडेसहा किलोमीटरांहून जास्त दक्षिणेला जाते. म्हणजे शेजारच्या गावात, आणि तिथेही त्याच आडनावाची माणसे असतात. ही चूक नकाशाकडे बघून कळत नाही, म्हणून ती मला सगळ्यात वाईट वाटते.

दिशेची चूक निदान ठळक असते. काही प्रोग्राम पश्चिमेसाठी अक्षर लिहितात, काही उणे चिन्ह. या भाषांतरात पश्चिम गळून पडली, की न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला माणूस किर्गिझस्तानच्या डोंगरात जन्मलेला दिसतो, कारण ४०.७ उत्तर, ७४ पूर्व तिथेच येते. क्रमाचाही घोळ आहे. आयएसओ ६७०९ हे प्रमाणक अक्षांश आधी सांगते, तर नकाशाच्या कामात सर्रास वापरली जाणारी जिओजेसन ही पद्धत रेखांश आधी लिहिते. आणि रिकामी जागा शून्य म्हणून वाचली गेली, तर माणूस थेट गिनीच्या आखातात, विषुववृत्त आणि शून्य रेखांश एकमेकांना छेदतात त्या भर समुद्रात.

१ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून घेतली आणि सामान्य माणसाच्या हातातले यंत्र शंभर मीटरांऐवजी दहावीस मीटरांपर्यंत बरोबर जागा सांगू लागले. २००४मध्ये ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, २००५मध्ये गूगल मॅप्स आणि गूगल अर्थ आले. मग वंशावळीच्या प्रोग्रामांत ते बटण आले, ज्याने नावांची सगळी यादी एका दमात नकाशावर टाकता येते. याला जिओकोडिंग म्हणतात. २०११पासून बिलियनग्रेव्ह्ज या उपक्रमात लोक फोनने थडग्यांचे फोटो काढतात आणि फोटोबरोबर जागाही नोंदली जाते. या दोन प्रकारच्या आकड्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. थडग्याशेजारी उभे राहून घेतलेला आकडा हा पुरावा. जिओकोडिंगने आलेला आकडा हा आजच्या नकाशाने कालच्या नावाबद्दल केलेला अंदाज. नुसते 'फ्रँकफुर्ट' विचारले तर माइन नदीवरचे मोठे शहर मिळते. कुटुंब ओडर नदीवरच्या फ्रँकफुर्टचे असले तरी. नुसता 'आयर्लंड' लिहिला तर देशाच्या मधोमध कुठेतरी टाचणी टोचली जाते आणि त्या कुटुंबाने कधी न पाहिलेले शेत त्यांचे जन्मस्थान होऊन बसते.

दशांशांचा भपका इथे फसवतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. चौथ्या दशांशस्थानी आपण अकरा मीटरांवर येतो, सहाव्या स्थानी अकरा सेंटिमीटरांवर. १८२०च्या वहीत फक्त गावाचे नाव असताना सहा दशांश लिहिणे म्हणजे बाळ कुठल्या फरशीवर जन्मले हे सांगण्यासारखे. गावापुरती माहिती असेल तर दोन दशांश पुरतात, फार तर तीन.

या उणिवा ओळखणारेही होते. जर्मनीतल्या संगणकीय वंशावळकारांच्या संघटनेने उभारलेल्या जीओव्ही या ऐतिहासिक स्थळकोशात प्रत्येक ठिकाणाला स्वतःचा क्रमांक आहे, आणि त्याचे नाव व ते कशाच्या हद्दीत येते हे काळानुसार नोंदवता येते. ग्रॅम्प्स या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ठिकाण ही स्वतंत्र नोंद आहे. तिचे वरचे प्रशासन तारखांसह बदलता येते, अक्षांश-रेखांश एकदाच लिहावे लागतात. २०१२मध्ये मांडल्या गेलेल्या जेडकॉम एक्समध्येही ठिकाणाचे वेगळे वर्णन आले. २०२१मध्ये आलेल्या जेडकॉम ७.०मध्ये ठिकाणाच्या नावाची भाषांतरे आणि बाहेरच्या कोशातला क्रमांक लिहायची सोय झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण ठिकाण अजून घटनेखालीच आहे. ग्रॅम्प्समध्ये नीट बांधलेली उतरंड जेडकॉममधून बाहेर पडताना पुन्हा स्वल्पविरामांची ओळ होते.

ठिकाणाला स्वतःचा इतिहास असतो हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या डरवेंट गावामुळे. १९४०च्या दशकात लेडीबोवर जलाशय भरला आणि ते गाव पाण्याखाली गेले. चर्चचा मनोरा काही काळ पाण्याबाहेर उभा ठेवला होता, तो डिसेंबर १९४७मध्ये पाडला. पाणी येण्याआधी दफनभूमीतले अवशेष काढून जवळच्या बॅम्फर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरण्यात आले. २०१८च्या कोरड्या उन्हाळ्यात पाणी इतके उतरले, की गावाच्या पडक्या भिंती पुन्हा दिसल्या.

आता डरवेंटला बाप्तिस्मा झालेल्या आणि तिथेच पुरलेल्या माणसाची नोंद करायची आहे. ठिकाणाच्या ओळीत वहीत आहे तेच नाव, डरवेंट. बाप्तिस्म्याखालचे अक्षांश-रेखांश जुन्या नकाशावरून काढलेले. आजच्या नकाशावर तिथे निळे पाणी दिसेल आणि ते बरोबर आहे. दफनाच्या घटना दोन: पहिली डरवेंटची, तेच आकडे, दुसरी बॅम्फर्डची, वेगळे आकडे. आणि प्रत्येक ठिकाणाच्या ओळीखाली, जिथे आता फक्त टिपेलाच जागा आहे, तिथे दोन वाक्ये: आकडे कोणत्या नकाशावरून घेतले, आणि माणूस मेल्यानंतर जागा का बदलली.