एकवीस वर्षांनंतरचे विजेतेपद : स्पॅनिश साखळीच्या १९५३-५४ च्या हंगामाची पार्श्वभूमी

स्पेनच्या पहिल्या श्रेणीतील फुटबॉल साखळी स्पर्धेचा १९५३-५४ चा हंगाम रेयाल माद्रिदने जिंकला. सोळा संघ, प्रत्येकाचे तीस सामने आणि विजयाला दोन गुण अशा त्या वेळच्या रचनेत माद्रिदचे ४० गुण झाले. बार्सेलोना ३६ गुणांसह दुसऱ्या, तर वलेन्सिया ३४ गुणांसह तिसऱ्या स्थानी राहिले. माद्रिदने साखळी जिंकणे ही आज नित्याची बाब वाटते, पण त्या संघाचे याआधीचे विजेतेपद १९३३ सालचे होते. या यशाची चर्चा बहुतेक वेळा आल्फ्रेदो दि स्तेफानो या एका खेळाडूपाशी आणि त्याला माद्रिदकडे वळवणारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीपाशी येऊन थांबते. राजवटीचा हात नव्हता असे कोणी म्हणू नये. तथापि तो हंगाम नीट समजून घ्यायचा असेल तर यादवी युद्धानंतरची पंधरा वर्षे आणि त्यातही बोगोटा, ब्यूनोस आयरेस व बार्सेलोना येथे झालेले व्यवहार पाहावे लागतात.

साखळी १९२९ मध्ये दहा संघांनिशी सुरू झाली आणि पहिले विजेतेपद बार्सेलोनाने मिळवले. माद्रिदने १९३१-३२ चा हंगाम एकही सामना न गमावता जिंकला आणि पुढच्या वर्षी विजेतेपद राखले. १९३६ मध्ये यादवी युद्ध पेटले, तीन वर्षे साखळी बंद पडली आणि त्याची झळ दोन्ही संघांना बसली. बार्सेलोनाचे अध्यक्ष जुझेप सुन्योल यांना फ्रँकोच्या सैनिकांनी १९३६ च्या ऑगस्टमध्ये गोळ्या घातल्या. माद्रिदचे प्रजासत्ताकवादी अध्यक्ष राफाएल सांचेझ गेर्रा यांना युद्धानंतर तुरुंगात जावे लागले. नव्या राजवटीने क्लबांची परभाषिक नावे बदलायला लावली, त्यामुळे ॲथलेटिक बिलबाओ ‘आत्लेतिको दे बिलबाओ’ झाले. युद्धानंतरच्या पहिल्या दोन साखळ्या मात्र हवाई दलाच्या संघाशी एकत्र झालेल्या ॲटलेटिको आव्हियासिओनने (आजचा ॲटलेटिको माद्रिद) जिंकल्या, रेयाल माद्रिदने नव्हे. रेयाल हा पहिल्यापासूनच सत्तेचा लाडका संघ होता या समजुतीला चाळीसच्या दशकातले निकाल आधार देत नाहीत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. त्या दशकात वलेन्सियाने तीनदा, बार्सेलोनाने तीनदा आणि बिलबाओ व सेव्हिया यांनी एकेकदा साखळी जिंकली. रेयालच्या वाट्याला १९४६ आणि १९४७ चे राष्ट्रीय चषक (साखळीहून वेगळी, बाद पद्धतीची स्पर्धा) आले, परंतु १९४७-४८ मध्ये हा संघ चौदा संघांत अकरावा आला आणि दुसऱ्या श्रेणीत घसरण्यापासून थोडक्यात बचावला.

तरीही पुढच्या यशाची पायाभरणी याच उतरत्या काळात झाली. १९४३ च्या चषक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पहिला सामना ३-० असा जिंकून आलेल्या बार्सेलोनाला माद्रिदने ११-१ असे हरवले. दहशतीच्या वातावरणात झालेल्या त्या सामन्यानंतर दोन्ही क्लबांच्या अध्यक्षांना पायउतार व्हावे लागले आणि माद्रिदची सूत्रे सान्तियागो बेर्नाबेऊ यांच्याकडे आली. स्वतः माजी खेळाडू असलेल्या बेर्नाबेऊ यांनी क्लबच्या सभासदांना कर्जरोखे विकून नवे मैदान उभारले. पंच्याहत्तर हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील असे हे मैदान १४ डिसेंबर १९४७ रोजी पोर्तुगालच्या बेलेनेन्सेसविरुद्धच्या सामन्याने खुले झाले. संघ तळाशी चाचपडत असताना एवढे मैदान बांधणे अनेकांना अविचाराचे वाटले असेल. प्रत्यक्षात प्रवेशशुल्क हेच क्लबचे मुख्य उत्पन्न असलेल्या, दूरचित्रवाणीपूर्वीच्या त्या काळात मोठे मैदान म्हणजेच मोठे खेळाडू आणण्याची ऐपत होती.

बार्सेलोनाला ही गरज आधी जाणवली नाही, कारण त्यांच्याकडे लाडिस्लाव कुबाला होता. १९४९ मध्ये हंगेरीतून निसटलेल्या कुबालाला बार्सेलोनाचे माजी खेळाडू जुझेप सामितिएर यांनी १९५० मध्ये करारबद्ध केले आणि फिफाची बंदी उठल्यावर १९५१ पासून तो साखळीत खेळू लागला. १९५१-५२ मध्ये स्पोर्टिंग हिहोनविरुद्धच्या एकाच सामन्यात त्याने सात गोल केले आणि त्या वर्षी बार्सेलोनाने साखळीसह पाच चषक जिंकले. पुढच्या हंगामात क्षयरोगामुळे तो बराच काळ बाहेर राहिला, तरी विजेतेपद बार्सेलोनाकडेच राहिले. म्हणजे १९५३ च्या उन्हाळ्यात स्पेनमधला सर्वात बलवान संघ माद्रिदचा नसून बार्सेलोनाचा होता.

दि स्तेफानोची वाट मात्र दक्षिण अमेरिकेतून आली. १९४८ मध्ये अर्जेंटिनातील खेळाडूंनी संप पुकारला आणि त्यानंतर अनेक नामवंत खेळाडू कोलंबियात गेले. तेथील साखळी फिफाच्या कक्षेबाहेर होती, त्यामुळे मूळ क्लबांना मोबदला न देताच खेळाडू घेता येत असत. १९४९ मध्ये ब्यूनोस आयरेसचा रिव्हर प्लेट क्लब सोडून दि स्तेफानो बोगोटाच्या मियोनारिओस क्लबकडे गेला, तो असाच. १९५१ च्या लिमा करारानुसार अशा खेळाडूंना ऑक्टोबर १९५४ पर्यंत कोलंबियात राहण्याची मुभा मिळाली, त्यानंतर त्यांच्यावरचा हक्क मूळ क्लबकडे परत जाणार होता. एकाच खेळाडूचे एकाच वेळी दोन मालक ठरवणाऱ्या या तडजोडीतच पुढच्या वादाचे बीज होते. १९५२ च्या मार्चमध्ये रेयालच्या सुवर्णमहोत्सवासाठी मियोनारिओसचा संघ माद्रिदला आला आणि यजमानांना ४-२ असे हरवून गेला. बेर्नाबेऊ यांनी दि स्तेफानोला हेरले ते तेव्हा.

बार्सेलोनाने रिव्हर प्लेटशी बोलणी करून १९५४ नंतरचे हक्क मिळवले, तर आपले पदाधिकारी रायमुंदो सापोर्ता यांच्यामार्फत माद्रिदने मियोनारिओसकडून तोपर्यंतचे हक्क विकत घेतले. १९५३ च्या मेमध्ये दि स्तेफानो बार्सेलोनात दाखल झाला, त्या क्लबकडून काही मित्रत्वाचे सामनेही खेळला, परंतु मियोनारिओसची संमती नसल्याने त्याची नोंदणी अडकून पडली. ऑगस्टमध्ये क्रीडा प्रशासनाने परदेशी खेळाडूंच्या करारांवरच बंदी घातली. अखेर स्पॅनिश फुटबॉल फेडरेशनचे माजी अध्यक्ष आर्मांदो मुन्योस कालेरो यांच्या मध्यस्थीने सप्टेंबरमध्ये असा तोडगा निघाला की खेळाडूने चार हंगाम आळीपाळीने दोन्ही क्लबांकडून खेळावे आणि पहिला हंगाम माद्रिदचा असावा. बार्सेलोनात संतापाची लाट उसळली, अध्यक्ष एनरिक मार्ती कार्रेतो यांनी राजीनामा दिला आणि थोड्याच दिवसांत क्लबने मोबदला घेऊन आपला वाटा सोडला. निवाडा माद्रिदला झुकते माप देणारा होता असे मानायला जागा आहे. परंतु मियोनारिओसशी वेळेवर न मिटवलेला व्यवहार आणि कुबाला बरा होत असताना नव्या खेळाडूविषयी मावळलेली निकड, ही बार्सेलोनाची स्वतःची कारणेही तितकीच खरी आहेत.

२३ सप्टेंबर १९५३ रोजी फ्रान्सच्या नान्सीविरुद्धच्या मित्रत्वाच्या सामन्यात दि स्तेफानो प्रथमच माद्रिदकडून उतरला. २५ ऑक्टोबरला माद्रिदने बार्सेलोनाला ५-० असे हरवले. दि स्तेफानो आघाडीवीर म्हणून नोंदला जाई, पण बचावात मागे येणे, मधल्या फळीत चेंडूचे वाटप करणे आणि पुन्हा गोलसमोर पोहोचणे ही कामे एकाच हालचालीत करण्याची त्याची पद्धत स्पेनमधल्या प्रेक्षकांना नवी होती. हंगामात २७ गोल करून तो सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला. आदल्या वर्षी तो मान बिलबाओच्या तेल्मो झार्राकडे होता. त्याच हंगामात सान्तांदेरहून पाको हेन्तो हा कोवळा, विजेसारखा चपळ खेळाडू डाव्या बगलेवर आला. प्रशिक्षकपदी उरुग्वेचे एनरिके फेर्नांदेस होते, ज्यांनी १९४८ आणि १९४९ मध्ये बार्सेलोनालाही साखळी जिंकून दिली होती. त्यांचा वाटा फार कमी सांगितला जातो, आणि तो अन्याय आहे.

बार्सेलोनाने चषकाची अंतिम फेरी गाठली, पण तिथे वलेन्सियाने त्यांना ३-० असे नमवले. मार्च १९५४ मध्ये मात्र या क्लबने आपल्या नव्या मैदानाची पायाभरणी केली. १९५७ मध्ये खुले झालेले हे मैदान काम्प नोउ म्हणून ओळखले जाते.

राष्ट्रीय संघाची कहाणी याच मार्चमधली आहे. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी तुर्कस्तानशी रोममध्ये झालेला निर्णायक सामना २-२ असा बरोबरीत सुटला, चिठ्ठी टाकली गेली आणि एका लहान मुलाच्या हाताने तुर्कस्तानची चिठ्ठी निघाली. ऐन वेळी आलेल्या फिफाच्या तारेमुळे स्पेनने कुबालाला त्या सामन्यात खेळवले नव्हते. १९५६ मध्ये दि स्तेफानोने स्पेनचे नागरिकत्व घेतले आणि पुढच्या वर्षी तो कुबालाच्या जोडीने स्पेनकडून खेळू लागला. तरीही १९५८ च्या विश्वचषकासाठी स्पेन पात्र ठरला नाही.