एका मताने हुकलेली जर्मन?

‘जर्मन अमेरिकेची राजभाषा व्हायची, पण एका मताने हुकली, तेही संसदेच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती म्यूलेनबर्ग या जर्मन वंशाच्याच माणसामुळे!’ ही कथा दीडशेहून अधिक वर्षं चघळली जातेय. असं मतदान झालंच नाही. १७९४ मध्ये व्हर्जिनियातल्या जर्मन रहिवाशांनी अर्ज केला, की कायदे जर्मनमध्येही छापा. इंग्रजी हटवा असं कोणी म्हटलंच नव्हतं. जानेवारी १७९५ मध्ये प्रतिनिधिगृहात ४२ विरुद्ध ४१ मतं पडली खरी, पण ती या विषयावरचं कामकाज तहकूब करायचं की नाही, यावर. आकडा तेवढा खरा, बाकी सगळी फोडणी. मुळात तेव्हा देशात जर्मन वंशाचे लोक एक दशांशाच्या आसपास. पेनसिल्व्हेनियात मात्र सुमारे एक तृतीयांश. तिथल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या घरांत जर्मनची एक बोली आजही बोलतात.