रक्तातले आरएनएचे चिठोरे

बार्शीकडच्या रक्ताच्या नळ्या सोलापूरच्या लॅबमध्ये पोचतात तेव्हा भर दुपार असते. आइसबॉक्स असतो, पण मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि रस्ता सत्तरेक किलोमीटरचा. लॅबमधल्या ताई सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे रक्त गरगरा फिरवून त्याचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रातून, एकेक नळी काढून उजेडाकडे धरतात. खाली लाल थर आणि वर फिकट पिवळं सिरम असलं, तर ठीक. वरचं सिरम गुलाबी दिसलं की नळी बाजूला. "हिमोलाइझ झालंय, परत घ्यावं लागतंय," त्या म्हणाल्या. म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या. मी त्या गुलाबी छटेकडे बघतच राहिलो. थेंबभर रक्तावरून कॅन्सर लवकर ओळखायची जी धडपड जगभर चालली आहे, तिची मोठी अडचण त्या नळीत डोळ्यांना दिसत होती.

पेशीतल्या डीएनएवरून आरएनएच्या लांबलचक नकला निघतात आणि त्यांवरून प्रथिनं बनतात, एवढं शाळेत शिकवलेलं असतं. १९९३ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या शास्त्रज्ञांच्या कामातून एक वेगळाच आरएनए पुढे आला. मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीतला हा तुकडा जेमतेम २२ अक्षरांचा. त्याच्यापासून प्रथिन बनतच नव्हतं; तो दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचं काम थांबवत होता. ही त्या कृमीपुरतीच गंमत असेल, असं आधी वाटलं. २००० साली तसाच एक तुकडा माणसातही सापडला आणि चित्र पालटलं. या चिमुकल्या तुकड्यांना मायक्रोआरएनए म्हणतात. २००२ मध्ये रक्ताच्या एका कॅन्सरच्या बऱ्याच रुग्णांत असे दोन मायक्रोआरएनए गायब किंवा कमी झालेले आढळले. अँब्रोस आणि रुव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

पण हे तुकडे रक्तात टिकतात कसे? रक्तात आरएनए कुरतडणारी विकरं ठासून भरलेली असतात. २००८ मध्ये सिएटलच्या एका गटाने वेगळा केलेला प्लाझ्मा (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव) २४ तास साध्या तापमानाला ठेवला, आठ वेळा गोठवून वितळवला; तरी त्यातले मायक्रोआरएनए जवळजवळ तसेच राहिले. बाहेरून टाकलेला उघडा आरएनए मात्र बघता बघता नाहीसा झाला. रक्तातले हे चिठोरे उघडे फिरत नाहीत. काही चरबीच्या सूक्ष्म पिशव्यांत असतात, तर पुष्कळसे एका प्रथिनाच्या कुशीत. मला हा प्रयोग फार आवडतो. साधा आणि निर्विवाद.

चादरीच्या कारखान्यात मागाखाली पडलेल्या सुताच्या तुकड्यांवरून वर कोणत्या रंगाचं काम चाललंय ते कळतं. तसंच हे. अडचण अशी की रक्तात साऱ्या शरीराच्या मागांचा केर एकत्र झालेला असतो. त्यात तांबड्या पेशींचा वाटा प्रचंड. मिआर-१६ आणि मिआर-४५१ (मिआर म्हणजे मायक्रोआरएनए) हे तुकडे त्यांच्यात खच्चून भरलेले. सुई नीट लागली नाही, नळी जोरात हलली, उन्हात राहिली, की पेशी फुटतात आणि त्यांचा माल सिरममध्ये सांडतो. गुलाबी रंग दिसला तर बरंच. डोळ्यांना न दिसण्याइतक्या पेशी फुटल्या तरी आकडे बिघडतात. म्हणजे आरएनए टिकाऊ असून भागत नाही, नळीही जपावी लागते.

मिआर-२१ पुष्कळ कॅन्सरमध्ये वाढतो, पण साध्या दाहातही वाढतो. उलट वृषणाच्या कॅन्सरमध्ये मिआर-३७१ए हा तुकडा जुन्या रक्तचाचण्यांपेक्षा सरस ठरला आहे. गाठ काढली की काही दिवसांत तो उतरतो.

आता गावातल्या हजार जणांची चाचणी केली असं धरा. त्यांत दोघांना खरंच कॅन्सर आहे आणि चाचणी शंभरातल्या पाच निरोगी माणसांना चुकून आजारी ठरवते. दोन खऱ्या रुग्णांसोबत पन्नास माणसं विनाकारण घाबरतील, रोजगार बुडवून तपासण्यांसाठी हेलपाटे घालतील. बिडी वळून घर चालवणाऱ्या बाईला तो हेलपाटा किती महाग पडतो, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

म्हणून मला बार्शीचं मोल वाटतं. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांच्या सहभागाने शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास झाला. प्रश्न एकच होता: लवकर शोधल्याने बायका वाचतात का? एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, त्याची चाचणी आयुष्यात एकदाच केलेल्या गटात, आठ वर्षं पाठपुरावा केल्यावर, मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं. निकाल २००९ मध्ये छापून आला. आरएनएच्या रक्तचाचणीने मृत्यू घटल्याचं दाखवणारा असा अभ्यास अजून व्हायचा आहे.